सूर्याची वादळे आणि अलिबागची वेधशाळा

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील चढउतार नोंदले जातात. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नाजूक उपकरणे बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी-नवी मालिका जुळली. या दूरदृष्टीचे मोल मोठे.

सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला की चुंबकीय वादळ होते. विषुववृत्ताजवळच्या भागात क्षेत्राचा क्षैतिज घटक घसरतो.

सप्टेंबर १८५९ च्या ‘कॅरिंग्टन’ वादळात कुलाब्याला ही घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. मे २०२४ च्या वादळात लडाखमध्येही आकाश लाल झाले, तरी ही घसरण मोजणारा जागतिक निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपासच थांबला. (एका ठिकाणची नोंद आणि जागतिक सरासरी यांची तुलना ढोबळच.)

१८५९ ची घसरण एवढी खोल का, यावर एकमत नाही. काही अभ्यासक पृथ्वीभोवतीच्या कंकणाकृती विद्युतप्रवाहाकडे बोट दाखवतात, तर काहींच्या मते ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले विद्युतप्रवाह खूप दक्षिणेला सरकले होते.

दुसरे कोडे सूर्याचेच. पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, पण बाहेरचा प्रभामंडल दहा लाख अंशांवर. जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर पोहोचलेले इस्रोचे ‘आदित्य-एल१’ त्याचाच अभ्यास करते.