शहाडचा रस्ता कसा वाचायचा?

परवा शहाड स्टेशनवरून बिर्ला मंदिराकडे चालत निघालो. जुन्या इमारती न्याहाळायचा मला नाद आहे, आणि या रस्त्यावर बघण्यासारखं खूप आहे.

रेल्वे इथून १८५५ पासून धावते. पण गावाचं रूप पालटलं ते १९५० च्या दशकात, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आल्यावर. कामगार आले, त्यांच्यामागून चाळी, खानावळी, किराणा दुकानं आली.

जुनं दुकान ओळखायची माझी खूण सांगतो. उंबरठा बघा. तो रस्त्यापेक्षा खाली असेल आणि पाणी अडवायला दारात विटांचा बांध घातला असेल, तर दुकान बहुधा जुनं. डांबर-काँक्रीटचे थर चढत गेले, जोतं तिथेच राहिलं. वर मंगलोरी कौलं दिसली, तर थांबून नीट बघाच.

नंतर लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती उठल्या. आता टॉवर. त्यात घरं चांगली मिळतात, पण खाली ओटा नसतो. संध्याकाळी टेकायला जागा उरत नाही, हे मला फार खटकतं.

तुमच्याकडे शहाडचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये जरूर टाका. एखाद्या इमारतीबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा.