पेटी भरण्याआधी

बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांची यादी लागते आणि पुढच्या काही दिवसांत अनेक घरांत सामानाची यादी लिहिली जाऊ लागते. मुंबईची मुलगी नागपूरला निघते, नाशिकचा मुलगा पुण्याला, सोलापूरचा लोणेऱ्याला. प्रवेश निश्चित झाल्याची पावती हाती पडते ती बहुधा वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर. मग बादलीपासून लाडवांच्या डब्यापर्यंत सारे काही घाईघाईने जमवले जाते. परंतु पहिल्या सहामाहीत विद्यार्थी अडतो तो बादली घरी राहिल्यामुळे नव्हे. तो अडतो एखाद्या प्रमाणपत्रावाचून, महिन्याच्या वीस तारखेलाच संपलेल्या पैशांमुळे किंवा मनातली गोष्ट कोणाला सांगावी हे न कळल्यामुळे. म्हणूनच तयारीचा नेहमीचा क्रम उलटा करणे हिताचे ठरते. आधी कागद, मग पैसा, त्यानंतर सवयी आणि सर्वांत शेवटी पेटी.

कागदपत्रांची फाइल

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, सामाईक प्रवेश परीक्षेचे गुणपत्रक, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट आकाराची डझनभर छायाचित्रे हा फाइलचा गाभा. मंडळ किंवा विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा होतो. त्यामुळे तो देण्यापूर्वीच त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. इतर मूळ प्रमाणपत्रे मात्र पडताळणीनंतर परत घ्यावीत. महाविद्यालयांनी ती अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. मूळ कागद लॅमिनेट करण्याचा मोह टाळावा. शिक्का व स्वाक्षरी तपासताना त्याची अडचण होते. प्रत्येक कागदाची एक स्कॅन प्रत विद्यार्थ्याकडे व एक घरी असावी.

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांनी जातवैधता प्रमाणपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. ते अर्ज करताच मिळत नाही. जुन्या पिढ्यांच्या नोंदी, शाळांचे उतारे आणि प्रतिज्ञापत्रे तपासूनच समिती निर्णय देते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची जागा मुदतीत प्रमाणपत्र न आल्याने धोक्यात येते. खुल्या प्रवर्गाच्या गुणवत्तेत नाव बसले तर प्रवेश टिकू शकतो, पण शुल्काची सवलत जाते. धाकटे भावंड अकरावीत असेल तर त्याचा अर्ज आताच करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, हेही दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावे.

सवलती माहीत हव्यात

शुल्क भरण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील योजना बारकाईने पाहाव्यात. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना २०२४-२५ या वर्षापासून शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ मिळू लागला. त्याआधी तो पन्नास टक्के होता. वसतिगृह आणि भोजनाचा खर्च मात्र त्यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. प्रत्येकीचे निकष निराळे असून अर्ज दरवर्षी नव्याने भरावा वा नूतनीकृत करावा लागतो.

या रकमा आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. विद्यार्थी नव्या गावी दुसरे खाते उघडतो, तेथे शासकीय लाभासाठी आधार जोडतो आणि शिष्यवृत्ती जुन्या खात्यात का आली नाही म्हणून घरचे महिनोन्‌महिने चौकशी करत राहतात. कोणते खाते आधारशी जोडायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. अठरा वर्षे पूर्ण होताच अज्ञान म्हणून उघडलेल्या खात्याची कागदपत्रे बदलावी लागतात, याचाही विसर पडू नये.

महिन्याचा हिशेब

पहिला महिना सर्वांत खर्चिक असतो. वसतिगृहाची अनामत, गादी, पुस्तके, प्रयोगशाळेचा कोट, अभियांत्रिकीसाठी ड्राफ्टर असे सारे एकदम येते. या महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये. दुसऱ्या महिन्यापासून ठरावीक रक्कम दोन हप्त्यांत पाठवावी आणि खर्च एका वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहिण्यास सांगावे. तो लिहिलेला हिशेब पालकांनी रोज तपासण्यासाठी नसतो. आपला पैसा कुठे जातो हे मुलाला स्वतःला कळावे, यासाठी असतो. अनामत रकमेच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण तीन-चार वर्षांनी ती परत मागताना पावतीच कामी येते. गावी जाताना मेसमध्ये आधी कळवले तरच खाडा धरला जातो, ही लहानशी गोष्टही वर्षाकाठी बरेच पैसे वाचवते.

ऑनलाइन फसवणुकीबाबत दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. आणि ‘तुझ्या खात्यातून थोडे पैसे फिरवतो, तुलाही काही देतो’ असे सांगणाऱ्याला आपले खाते वापरू देणे म्हणजे फसवणुकीच्या गुन्ह्यात आपले नाव गोवून घेणे होय. असा प्रकार घडलाच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांना फार महत्त्व असते.

खोली घेताना

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ‘कॉट बेसिस’वर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहावे लागते. भाडे ठरवण्यापूर्वी पाण्याची वेळ, विजेच्या बिलाची वाटणी, रात्री परतण्याची मर्यादा आणि अनामत परत करण्याची अट विचारून घ्यावी. ठरलेले कागदावर आणावे. अठरा वर्षांखालील मुलाची सही करारास चालत नाही, तेथे पालकांचीच हवी. खोली शक्यतो दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहावी. दुपारी शांत वाटणारी गल्ली रात्री नऊनंतर कशी असते, रस्त्यावर दिवे आहेत की नाहीत, हे त्याशिवाय समजत नाही.

सामान दिवाळीपुरते

पहिल्या खेपेला वर्षाचे सामान नेऊ नये. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरेल इतकेच न्यावे. सत्र सुरू होते ते बहुतेक वेळा पावसात. त्यामुळे लवकर वाळणारे कपडे, छत्री, रेनकोट, पावसाळी चपला, कपडे वाळत घालण्याची दोरी आणि चिमटे यांना अग्रक्रम द्यावा. लोणेरे, दापोली किंवा रत्नागिरीला जाणाऱ्यांना तर जाड जीन्सपेक्षा दोन हलक्या पँट अधिक उपयोगी पडतात. उबदार कपडे दिवाळीनंतर न्यावेत. मात्र ते न्यावेतच. मुंबईत वाढलेल्या मुलाला नागपूरच्या किंवा नाशिकच्या थंडीची कल्पना नसते.

सोलापुरी चादर, दोन पलंगपोस, उशीचे अभ्रे, दोन मजबूत कुलपे, विजेरी, सुई-दोरा, स्टीलचा डबा, ताट-वाटी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी. गादी, बादली, मग, झाडू तेथेच घ्यावे. प्रवासाचा त्रास वाचतो. इस्त्री, किटली किंवा हीटर भरण्यापूर्वी वसतिगृहाचे नियम पाहावेत, कारण बऱ्याच ठिकाणी अशी उपकरणे जप्त होतात. चष्मा असेल तर एक जादा जोड आणि नंबराची चिठ्ठी ठेवावी. औषधांच्या डब्यात ताप, जुलाब, ॲलर्जी यांवर घरच्या डॉक्टरांनी सुचवलेली औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टी आणि डास पळवणारे मलम असावे. प्रत्येक औषध कशासाठी व किती घ्यायचे, हे मराठीत लिहून झाकणाच्या आत चिकटवावे. आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रतही त्याच डब्यात राहू द्यावी.

खाऊ पंधरा दिवसांचा पुरे. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, गूळपापडी हे टिकणारे पदार्थ हवाबंद डब्यात द्यावेत आणि थोडे जास्तच द्यावेत. अनोळखी खोलीत पहिली ओळख बहुधा डबा उघडल्यावरच होते.

पेटीत न मावणारी तयारी

शिक्षणासाठी घर सोडण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापली कामे करत. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून येणाऱ्या मुलांना हाच आधार दिला. वर्ग झाडणे, पाणी भरणे, स्वयंपाकाला हात लावणे हा तेथे शिक्षणाचाच भाग मानला गेला. शहरी घरांत मात्र बारावीच्या दोन वर्षांत मुलाने अभ्यासाखेरीज काही करू नये, असा दंडक असतो. परिणामी गणितात शंभर पर्सेंटाइल मिळवणाऱ्याला वरणभाताचा कुकर लावता येत नाही.

निघण्यापूर्वीचे तीन-चार आठवडे यासाठी वापरावेत. कपडे धुणे, बटण लावणे, वरणभात व पोहे करणे, बँकेत जाऊन स्वतः अर्ज भरणे, रेल्वेचे तिकीट काढणे, दवाखान्यात एकट्याने जाऊन डॉक्टरांना आपला त्रास सांगणे, ही कामे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखीच आली पाहिजेत. शिकताना भात करपेल, पांढरा सदरा गुलाबी होईल. ते घरी झालेले बरे.

मनाची वही

तालुक्यात किंवा शाळेत पहिला आलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा वर्गातले सगळेच कुठे ना कुठे पहिले आलेले असतात. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी व्याख्यानांचा वेग सुरुवातीला झेपत नाही. पहिल्या चाचणीत गुण घसरतात आणि ते घरी सांगण्याची भीती वाटू लागते. घरचे मात्र शुल्काचे आकडे आणि शेजाऱ्यांच्या अपेक्षा नकळत ऐकवत राहतात. म्हणून ‘गुण कमी पडले किंवा एखादी केटी लागली तरी ते आधी आम्हाला सांग, आपण मार्ग काढू’ हे वाक्य निघण्यापूर्वीच, स्पष्ट शब्दांत बोलले गेले पाहिजे. गृहीत धरलेले प्रेम दूरच्या गावी नेहमीच ऐकू येत नाही.

रॅगिंगविषयीही मुलांना आधीच सांगावे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने रॅगिंग हा गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार विद्यार्थी व पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते केवळ सही करून न देता एकत्र वाचावे. आयोगाची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे.

घरची आठवण येणे, पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत निवळते. पण झोप उडणे, जेवण टाकणे, वर्गाला न जाणे, मित्रांना टाळणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर त्याला आळस म्हणू नये. महाविद्यालयातील समुपदेशकाला भेटावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते. हे क्रमांक मोबाइलमध्ये साठवण्याबरोबरच एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत.

दूरध्वनीची वेळ दोघांच्या सोयीने ठरवावी. दिवसातून पाच वेळा ‘जेवलास का?’ विचारण्यापेक्षा दोन दिवसांतून एकदा शांतपणे ऐकून घेणे अधिक मोलाचे. प्रत्येक अडचणीला पालकांनीच रेक्टरना दूरध्वनी केला तर मुलाला स्वतः बोलण्याची संधीच मिळत नाही. आरोग्य आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. पोहोचवायला जाणाऱ्यांनी खोली लावून द्यावी, रेक्टरना भेटावे, शेजारच्या कॉटवरील मुलाची विचारपूस करावी आणि मुक्काम न वाढवता परतावे. मागे राहिलेली आवराआवर मुलाला स्वतःच्या पद्धतीने करू द्यावी. त्या खोलीत यापुढे त्यालाच राहायचे असते.