काळा पाइप थंडीत फुटतो आणि उन्हात चिरतो, असे का?

देवास जिल्ह्यात २००६ साली शेततळ्यांची मोठी मोहीम सुरू झाली आणि पावसाचे पाणी रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यासाठी साठू लागले. तळे एका टोकाला, शेत दुसऱ्या टोकाला, मध्ये काळा पॉलिथिनचा पाइप. धार जिल्ह्यातही पठारावर हेच चित्र दिसते. पाइप फुटला की शेतकरी म्हणतो, "माल खोटा निघाला." कधी तसे असतेही. पण पुष्कळदा माल चांगला असतो आणि त्याला मिळालेली उष्णता चुकलेली असते.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये प्रथम तयार झाले. पाइपाला लागणारा घट्ट प्रकार १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांच्या प्रयोगशाळेत निघाला. त्याचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. आपल्या घरचे तूप आठवा. सावकाश थिजले तर ते रवाळ होते, चटकन थिजवले तर रवा बारीक राहतो. वितळलेले पॉलिथिनही थंड होताना असाच रवा धरते. काही साखळ्या एका रव्यातून दुसऱ्या रव्यात जातात आणि गोधडीच्या टाक्यांप्रमाणे सर्व धरून ठेवतात. फार सावकाश थंड केले, किंवा वितळण्याच्या जरा खाली पुष्कळ वेळ तापत ठेवले, तर रवे जाड होतात, माल कडक होतो, पण टाके कमी पडतात. मग चीर सहज पुढे सरकते.

आता हवामानाचे पाहू. पौषातल्या पहाटे माळव्यात पारा दहा अंशांच्या खाली जातो. तेव्हा पाइप ताठर असतो. त्याच्यावर कुदळ पडली किंवा ट्रॅक्टरचे चाक गेले, तर ताणून मार पचवण्याची त्याची शक्ती कमी झालेली असते. एखादा जुना ओरखडा असेल तर तेथूनच तडकतो.

उन्हातली गोष्ट वेगळी. गरम पाइप मऊ असतो, एकदम तडकत नाही. पण आतील दाबाखाली ते टाके हळूहळू निसटू लागतात. महिनोन्‌महिने हे चालते आणि एके दिवशी फुगवटा न येता बारीक, लांबट चीर दिसते. दाब फार झाला तर पाइप आधी फुगतो आणि चिरेच्या कडा ताणलेल्या दिसतात. चीर पाहूनच कारण पुष्कळसे कळते. २० अंशांना पाइप जेवढा दाब सोसतो, त्याच्या तीन-चतुर्थांशच ४० अंशांना धरावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. खाली नर्मदेकडे, मनावर-कुक्षीच्या बाजूला, उन्हाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणखी एक. १०० मीटर पाइप ३० अंशांनी तापला की साधारण अर्धा मीटर वाढतो. भर दुपारी ताणून दोन्ही टोके आवळली, तर रात्री तो आखडतो आणि सगळा ताण जोडावर येतो. म्हणून नागमोडी टाकावा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र जाळाने होते. तोंड मऊ करण्यासाठी पाइप काडाच्या जाळावर धरतात. पाइपाचा माल १३० अंशांच्या आसपास वितळतो आणि जाळ त्याहून कितीतरी तापट. बाहेरचा थर करपतो, साखळ्या तुटतात, आणि तो करपलेला थर हीच पुढे चिरेची सुरुवात असते. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. त्यात तोंड बुडवावे, लागेल तेवढेच रुंद करावे.

तापल्या तबकडीने जोड करताना (ती साधारण २१० अंशांची असते) दोन्ही तोंडे दाबून धरावीत आणि आपोआप निवू द्यावीत. घाई करून वर पाणी ओतले की बाहेरचा भाग आधी थिजतो, आतला मागून आखडतो, आणि ताण आतच अडकून राहतो. कारखान्यात पाइप बाहेरून पाण्याने निववतात, तेव्हाही थोडा ताण राहतोच. पाहायचे असेल तर पाइपाचे एक कडे कापून त्याला उभा छेद द्या. त्याच्या कडा एकमेकींवर सरकतील.

अशा ताणलेल्या जागी साबणाचे पाणी सतत लागले तर चीर लवकर पडते. फवारणीच्या औषधात मिसळायच्या चिकट द्रवाचेही तसेच. ठिबकमधून औषध सोडले असेल, तर नंतर नळ्यांतून स्वच्छ पाणी जाऊ द्यावे.