भाट्याचा मायनाक

सतराव्या शतकातील आंग्ल सरदारांच्या चरित्रांना कंटाळलेल्या संपादकांनी आपल्याकडचा एखादा दर्यावर्दी पाहण्यास मला भाट्यास धाडले, ते काजळी नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात मायनाक भंडारी याची समाधी दाखवतात म्हणून. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा सरला नसताना, दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन किनाऱ्यावरील थळ गावासमोरच्या खांदेरी बेटावर उतरलेल्या आणि शिवछत्रपतींच्या हुकुमाने तेथे तटबंदीस हात घालणाऱ्या या पुरुषाची कर्तबगारी आपल्या बखरींपेक्षा मुंबईकर इंग्रजांच्या चिंताग्रस्त पत्रांतूनच अधिक कळते. कारण बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे बसल्यास व्यापाराची नाडी परहाती जाणार, हे वखारवाल्यांनी तत्काळ ओळखले होते.

लढायांपेक्षा मला मोह पडला तो रसदीचा. इंग्रजांची जहाजे थोराड, तोफा भारी, परंतु शिडांना वारा हवा. मराठ्यांची गलबते अरुंद, उथळ बुडाची, वल्ह्यांवर चालणारी, अतएव वारा पडला की ती काळोखात किनाऱ्यावरून निघून, मोठ्या जहाजाचा तळ जेथे खडकास लागेल अशा पाण्यातून, दाणागोटा आणि दारूगोळा बेटावर पोहोचवीत. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा इंग्रज लेफ्टनंट थॉर्प प्राणास मुकला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज धरले. मात्र ‘रिव्हेंज’वरील मिंचिन आणि केग्विन यांनी त्याच आरमारास नागोठण्याच्या खाडीपर्यंत पिटाळले. (याच केग्विनाने पुढे मुंबईत बंड करून कंपनीसच धाब्यावर बसवले!) एवढे होऊनही रसद तुटली नाही, हेच मला विशेष वाटते.

तथापि ठाणे घालणे एक आणि ते नांदवणे दुसरे. नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम आरमारासह इंग्रजांस येऊन मिळाला, आणि १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारचे उंदेरी बेट बळकावून त्यावर तोफा चढवल्या. ते हिसकावण्याचा दौलतखानाचा प्रयत्न फसला, तो स्वतः जखमी झाला. खर्चास विटलेल्या इंग्रजांनी तह करून जहाजे माघारी बोलावली खरी, परंतु उंदेरी पडते थळ आणि खांदेरी यांच्या दरम्यान. तेव्हा ज्या उथळ पाण्याने शिबंदीस जगवले होते, ते आता सिद्दीच्या माऱ्यात आले. त्यातच एप्रिलात महाराज निवर्तले, आणि मुंबईकर इंग्रजांस न जुमानणारे हे बेट राखण्याचे ओझे पुढल्या पिढीवर आले.