सागरी जीवसंरक्षणातील स्वयंसेवा
डॉल्फिन, देवमासे, सागरी कासवे इ. प्राण्यांचे व त्यांच्या निवासस्थानांचे निरीक्षण आणि रक्षण करण्याच्या कामात सामान्य नागरिकांनी ठराविक मुदतीपुरता, वेतन न घेता घेतलेला सहभाग. पुष्कळदा हे काम परदेशात जाऊन केले जाते व स्वयंसेवक प्रवासखर्चाबरोबरच आयोजक संस्थेस शुल्कही देतो. या शुल्कातून नौका, इंधन, उपकरणे व संशोधकांचे वेतन यांचा काही खर्च भागतो.

उगम व प्रसार : सागरी प्राणी दीर्घायुषी असून त्यांचा बहुतेक काळ पाण्याखाली जातो. त्यामुळे त्यांच्याविषयीची उपयुक्त माहिती अनेक वर्षांच्या अखंड नोंदींतूनच मिळते. अशा नोंदींना मनुष्यबळ पुष्कळ लागते आणि निधी मात्र अपुरा असतो. या अडचणीतून स्वयंसेवकांना संशोधनात सामावून घेण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अर्थवॉच या संस्थेने शास्त्रीय मोहिमांना शुल्क देणारे स्वयंसेवक पुरविण्यास प्रारंभ केला. फ्लॉरिडातील सॅरासोटा उपसागरात १९७० पासून चालू असलेल्या डॉल्फिनच्या अभ्यासास अशा स्वयंसेवकांचे साहाय्य मिळाले. तेथील डॉल्फिनच्या किमान पाच पिढ्यांची नोंद झाली आहे. इटलीतील टेथिस ही संस्था (स्थापना १९८६) भूमध्य समुद्रात याच धर्तीवर काम करते.

कार्यपद्धती : डॉल्फिनच्या पृष्ठपक्षाच्या (पाठीवरील पराच्या) मागील कडेवर खाचा व व्रण असतात. त्यांची ठेवण प्रत्येक प्राण्यात निराळी असल्याने छायाचित्रांवरून व्यक्तिशः ओळख पटविता येते. ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. स्वयंसेवक ठराविक मार्गाने जाणाऱ्या नौकेवरून कळपाचे स्थान, संख्या, पिलांची उपस्थिती आणि वर्तन टिपतो व नंतर छायाचित्रे जुन्या संग्रहाशी ताडून पाहतो. काम कंटाळवाणे असते व कित्येक दिवस एकही प्राणी दिसत नाही. तथापि प्राणी न दिसल्याची नोंदही तितकीच महत्त्वाची असते. कासवांच्या बाबतीत रात्री किनाऱ्यावर गस्त घालणे, घरटी शोधणे व अंड्यांची मोजदाद करणे ही कामे असतात.

मर्यादा : एकदोन आठवड्यांसाठी आलेल्या स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणातच बराच वेळ जातो व निरीक्षक वारंवार बदलल्याने नोंदींत एकसूत्रीपणा राहणे कठीण होते. काही ठिकाणी संरक्षणाच्या नावाखाली बंदिस्त डॉल्फिनना खाऊ घालणे, त्यांच्यासोबत पोहणे असे करमणुकीचे कार्यक्रम विकले जातात. त्यांचा संरक्षणाशी संबंध नसतो. भारतात २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनचे खेळ दाखविणाऱ्या केंद्रांना मनाई केली. सर्वांत मोठी उणीव म्हणजे पाहुणा परत गेल्यावर किनाऱ्याची राखण करणारा कोणी उरत नाही. म्हणून स्थानिक रहिवाशांचा सहभाग व त्यांचा आर्थिक हितसंबंध हीच अशा कार्याची खरी कसोटी मानली जाते.

कोकणातील प्रयत्न : या दृष्टीने महाराष्ट्रातील कासव-संरक्षणाचा अनुभव उल्लेखनीय आहे. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या (शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया) माद्या मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यास येतात. मादी वाळूत सु. ४५ सेंमी. खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते व समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी ग्रामस्थ खाण्यासाठी व विकण्यासाठी नेत. कोल्हे व कुत्रीही ती उकरून खात. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) येथे ग्रामस्थांच्या साहाय्याने घरटी राखण्यास सुरुवात केली. धोक्यातील अंडी घातल्यानंतर लवकरात लवकर, उलटी न होतील अशा बेताने उचलून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोलीवर पुरतात. सु. ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर येतात व ती समुद्रात सोडली जातात. वाळू अधिक उष्ण असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते; म्हणून घरट्याची खोली व तापमान यांकडे लक्ष द्यावे लागते.

वेळास येथे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी येणारे पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरतात. अंड्यांच्या विक्रीपेक्षा कासव जिवंत ठेवण्यात गावाचा लाभ आहे, हे त्यामुळे प्रत्ययास आले. पुढे वन विभाग व कांदळवन कक्ष (स्थापना २०१२) यांच्या पुढाकाराने आंजर्ले, गुहागर इ. किनाऱ्यांवरही असे काम चालू झाले. पहाटेची गस्त घालणारे ‘कासवमित्र’ त्या त्या गावचेच असतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे मागोवा घेणारे प्रेषक यंत्र बसविण्यात आले. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे परस्परांपासून अलग नाहीत, असे त्यावरून दिसून आले.

डॉल्फिन व मच्छीमार : कोकणात हिंदी महासागरी हंपबॅक (पाठीवर उंचवटा असलेला) डॉल्फिन (शास्त्रीय नाव सोसा प्लंबिया) उथळ किनारी पाण्यात वावरतो. त्यामुळे मासेमारीची जाळी व पर्यटकांच्या नौका या दोहोंशी त्याचा नित्य संबंध येतो. कळपाचा पाठलाग करणे, पिले व माद्या यांच्यामधून नौका नेणे हे घातक ठरते. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते व त्याचा भुर्दंड गरीब मच्छीमारावर पडतो. हे ध्यानात घेऊन महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली.

किनाऱ्यास लागलेला जिवंत डॉल्फिन आढळल्यास तो पोटावर पालथा राहील असे पाहावे, त्वचा ओली व सावलीत ठेवावी, डोक्यावरील श्वसनरंध्रात पाणी जाऊ देऊ नये, शेपटीस धरून ओढू नये व वन विभागास त्वरित कळवावे. हा प्राणी वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने त्यास पकडणे वा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे.

[⟶ कासव, डॉल्फिन, वन्य जीव संरक्षण].