नव्या विद्युत मोटारीतील गुणवत्ता-दोषांचे निदान : वाघोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नव्याने खरेदी केलेल्या विद्युत मोटारीत आढळणारी प्रत्येक अडचण हा निर्मितीतील दोष असतोच असे नाही. काही अडचणी अवाजवी अपेक्षेतून, काही घरच्या वीजजोडणीतून, काही आज्ञावलीतून, तर काही प्रत्यक्ष सदोष भागातून उद्भवतात. या चार कारणांचा निवाडा ग्राहकाने पद्धतशीरपणे कसा करावा, कोणत्या नोंदी ठेवाव्यात आणि खरा दोष आढळल्यास कायद्याचा आधार कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : विद्युत मोटार, दोषनिदान, पल्ला, अर्थिंग, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे एकेकाळी दगडखाणी आणि वाघेश्वर मंदिर यांसाठी ओळखले जाणारे गाव. जून २०२१ अखेर ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज गृहसंकुले, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि खराडीकडे रोज ये-जा करणारा नोकरदार वर्ग ही त्याची ओळख झाली आहे. विद्युत मोटारीच्या इतिहासातही या रस्त्याला स्थान आहे. वाघोलीपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावरील रांजणगाव येथील कारखान्यात टाटा नेक्सॉन ईव्ही ही मोटार तयार होऊ लागली आणि जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली. मोटारींची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. मोटार तयार होण्याचे, तपासली जाण्याचे आणि वापरली जाण्याचे ठिकाण एकाच जिल्ह्यात असतानाही ग्राहकाच्या मनातील एक प्रश्न सुटत नाही : गाडी अपेक्षेप्रमाणे चालत नसेल, तर दोष नेमका कोठे आहे?

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची अनेक वर्षांची बचत अशा खरेदीत गुंतलेली असते. निदान चुकले तर खरा दोष वॉरंटीच्या मुदतीत नोंदवला जात नाही, किंवा नसलेल्या दोषापायी सेवाकेंद्राच्या निष्फळ फेऱ्या होतात.

२. नव्या वस्तूत दोष का आढळतो?

विश्वासार्हतेच्या शास्त्रात यंत्राच्या आयुष्यातील बिघाडांचे प्रमाण एका वक्राने दाखवले जाते. आरंभी बिघाड अधिक, मध्ये दीर्घकाळ कमी आणि अखेरीस पुन्हा अधिक, अशा आकारामुळे त्यास ‘बाथटब वक्र’ म्हणतात. सैल राहिलेली जोडणी, सदोष संवेदक, जोडणीतील चूक हे दोष पहिल्या काही महिन्यांतच उघड होतात. म्हणून नवेपणा ही निर्दोषतेची हमी ठरत नाही. उलट पहिले काही महिने हा काटेकोर निरीक्षणाचा काळ होय.

अशा दोषांची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. अमेरिकेत शेव्हरोले बोल्ट या मोटारीच्या बॅटरीतील काही घटांमध्ये फाटलेली ऋणाग्र-जोडपत्रे (अ‍ॅनोड टॅब) व दुमडलेले विभाजक पडदे आढळल्याने २०२१ मध्ये त्या प्रकारच्या सर्वच मोटारी परत बोलावण्यात आल्या. भारतात डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकच्या ४५६ मोटारी बॅटरी-प्रणालीच्या तपासणीसाठी, तर जून २०२४ मध्ये ह्युंदाई आयोनिक ५ च्या १,७४४ मोटारी चार्जिंग-नियंत्रक एककाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. दुसऱ्या उदाहरणातील एकक बिघडल्यास १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरण्याची शक्यता होती. मोठी बॅटरी भरलेली असूनही मोटार सुरू होत नाही, या तक्रारीमागे अनेकदा हीच लहान बॅटरी असते. कारण दरवाजे, पडदा, नियंत्रक संगणक आणि मोठ्या बॅटरीचे संपर्कस्विच तिच्यावरच चालतात. तेव्हा ‘गाडी बंद पडली’ असे म्हणताच मोठ्या बॅटरीवर दोष ठेवण्यापूर्वी लहान बॅटरीचे व्होल्टेज तपासून घेणे इष्ट होय.

३. पल्ल्याची तक्रार : अपेक्षा आणि वास्तव

नव्या ग्राहकाची सर्वांत सामान्य तक्रार पल्ल्याविषयी असते. या संदर्भात दिल्लीतील प्रकरण बोधप्रद आहे. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. प्रत्यक्षात तो बराच कमी मिळतो, अशी तक्रार एका ग्राहकाने केल्यानंतर मार्च २०२१ मध्ये दिल्ली शासनाने त्या मोटारीवरील अनुदान स्थगित केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. रांजणगावात बनलेल्या मोटारीचा वाद अशा रीतीने दिल्लीत उभा राहिला. त्याच्या मुळाशी प्रमाणित पल्ला आणि रस्त्यावरील पल्ला यांतील अंतर होते.

एमआयडीसी म्हटले की महाराष्ट्रातील वाचकास औद्योगिक वसाहत आठवते. परंतु मोटारींच्या चाचणीत या अक्षरांचा अर्थ ‘सुधारित भारतीय चालनचक्र’ असा आहे. या चाचणीत मोटार प्रयोगशाळेतील रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवली जाते. शहरी भागात कमाल वेग ताशी ५० किलोमीटर, तर शहराबाहेरील भागात ९० किलोमीटर असतो. वाघोलीतील केसनंद फाट्यावरची कोंडी, भर उन्हातील वातानुकूलन, चार प्रवासी आणि महामार्गावरील अधिक वेग या चक्रात नसतो.

३०.२ युनिट क्षमतेची बॅटरी ३१२ किलोमीटर चालण्यासाठी १०० किलोमीटरला सुमारे ९.७ युनिट एवढाच खर्च अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तो १५ युनिट झाला, तर पल्ला सुमारे २०० किलोमीटर येतो. हे गणित समजून घेतल्यास पुढील निदान सोपे होते. पल्ला कमी होण्याची कारणे दोनच : एक तर खर्च अधिक आहे, किंवा साठा कमी आहे. या दोन शक्यता वेगळ्या केल्याशिवाय तक्रारीला अर्थ प्राप्त होत नाही.

खर्चाचा आकडा मोटारीच्या पडद्यावर दिसतो. तो १०० किलोमीटरला २० युनिटांपर्यंत गेला असेल, तर चाकांतील हवा, चाकांची संरेखा, वेग आणि वातानुकूलन प्रथम पाहावे. वातानुकूलन यंत्रणेने दीड किलोवॅट वीज घेतली व मोटार कोंडीत तासभर उभी राहिली, तर न चालताही सुमारे १० किलोमीटरचा पल्ला संपतो. प्रवासानंतर चारपैकी एकच चाक लक्षणीय गरम लागत असेल, तर ब्रेक पूर्णपणे सुटत नसण्याची शक्यता असते; हा मात्र सेवाकेंद्राने दुरुस्त करावयाचा दोष आहे.

खर्च सामान्य असूनही पल्ला कमी असेल, तर साठ्याची तपासणी करावी. त्यासाठी घरच्या चार्जिंगला स्वतंत्र वीजमापक जोडून बॅटरी २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरावी. ३०.२ युनिटांच्या बॅटरीत या काळात सुमारे १८ युनिट साठले पाहिजेत. परिवर्तनात सुमारे १२ टक्के वीज वाया जाते असे धरल्यास मापकावर २०.६ युनिटांच्या आसपास आकडा दिसावा. मापक केवळ १५ युनिट दाखवत असेल, तर बॅटरीची क्षमता अथवा टक्केवारीचा अंदाज यांपैकी काहीतरी चुकते आहे. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे नियंत्रकाचा अंदाज हळूहळू ढळतो आणि टक्केवारी एकाएकी खाली येते. अशा वेळी निर्मात्याच्या सूचनेनुसार बॅटरी पूर्ण १०० टक्के भरल्यास अंदाज पुन्हा जुळतो. त्यानंतरही तोच आकडा आल्यास दोषाची शंका बळकट होते. एकाच मोजणीवर विसंबू नये. किमान तीन वेळा मोजावे.

४. चार्जिंगची तक्रार : मोटार की भिंत?

चार्जिंग मध्येच थांबणे ही दुसरी मोठी तक्रार. येथे तर्कशास्त्रातील सर्वांत साधी रीत उपयोगी पडते : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीच मोटार आणि तोच चार्जर दुसऱ्या ठिकाणच्या सॉकेटवर नीट चालत असतील, तर दोष घरच्या वीजजोडणीत आहे. तोच सॉकेट आणि तीच मोटार, परंतु चार्जर बदलल्यावर काम होत असेल, तर चार्जर सदोष आहे. सर्वत्र, सर्व चार्जरवर चार्जिंग थांबत असेल, तरच मोटारीतील चार्जिंग-एककाकडे बोट दाखवता येते. सेवाकेंद्रात ‘गाडीत काही दोष नाही’ असे उत्तर मिळते आणि घरी आल्यावर तीच अडचण पुन्हा येते, यातील विसंगती बहुधा अशीच उलगडते.

घरच्या जोडणीत अर्थिंग हा कळीचा मुद्दा आहे. पंखा वा दूरदर्शनसंच सदोष अर्थिंगवरही निमूटपणे चालतो. मोटारीचा चार्जर मात्र अर्थिंग नसल्याचे ओळखून सुरक्षिततेसाठी वीजप्रवाह रोखतो. वाघोलीच्या भूरचनेत या अडचणीचे एक कारण सापडते. मुरूम आणि काळा बेसॉल्ट खडक यांची विद्युतरोधकता मातीहून अधिक असते आणि उन्हाळ्यात ओल गेल्यावर ती आणखी वाढते. त्यामुळे पावसाळ्यात चालणारे चार्जिंग एप्रिल-मेमध्ये अडखळू शकते. परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून अर्थ-रोध मोजून घेणे, तसेच न्यूट्रल व अर्थिंग यांमधील व्होल्टेज तपासणे हा त्यावरील मार्ग होय. सोसायटीतील जुने १५ अँपिअरचे सॉकेट कित्येक तास अखंड भार वाहण्यासाठी योजलेले नसते. सॉकेट वा प्लग हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर चार्जिंग त्वरित बंद करावे. अर्थिंगची खूण पटवणारी यंत्रणा चुकवण्यासाठी केलेली कोणतीही हिकमत जिवावर बेतू शकते.

५. ग्राहकाने हात न लावण्याचे दोष

निदानाची मर्यादा ओळखणे हाही निदानाचाच भाग आहे. नारिंगी आवरणाच्या तारा उच्चदाबाच्या असतात. त्यांना घरगुती उपायांचा स्पर्श होऊ नये. सुरक्षा मानकानुसार डीसी परिपथाचा विद्युतरोध किमान १०० ओहम प्रतिव्होल्ट असावा लागतो. म्हणजे ३२० व्होल्टच्या प्रणालीत किमान ३२,००० ओहम. तो घटल्याचा इशारा पडद्यावर आल्यास, मोटार साचलेल्या पाण्यात बुडाल्यास, गतिरोधकावर तळ जोराने आपटल्यास, अथवा बॅटरीतून उग्र वास, धूर वा फुसफुसण्याचा आवाज आल्यास मोटार मोकळ्या जागी थांबवून प्रवाशांनी दूर व्हावे व साहाय्य बोलवावे.

या प्रश्नाचे गांभीर्य वाघोलीच्या शेजारीच दिसून आले आहे. मार्च २०२२ मध्ये लोहगाव येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विद्युत स्कूटरने पेट घेतला. त्या काळातील अशा घटनांची केंद्र शासनाने चौकशी लावली आणि बॅटरी-सुरक्षेची मानके कठोर करण्यात आली. दुचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ यांतील सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

६. नोंद आणि कायदा

तंत्रज्ञासमोर न दिसणारा दोष हा ग्राहकाचा सर्वांत मोठा शत्रू होय. म्हणून अडचण आली तेव्हाची तारीख, वेळ, किलोमीटर, बॅटरीची टक्केवारी, हवामान आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र यांची वही ठेवावी. सेवाकेंद्रातील जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, नियंत्रकातील दोषसंकेतांची प्रत मागावी आणि आज्ञावली बदलली असल्यास तिची आवृत्ती नोंदवावी. ‘तपासले, ठीक आहे’ हा शेरादेखील लेखी असावा. कारण तोच दोष पुन्हा उद्भवल्याचा पुरावा त्यातून तयार होतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील कलम २(१०) नुसार कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव म्हणजे ‘दोष’. म्हणजेच विक्रेत्याने पल्ल्याविषयी लेखी दिलेल्या शब्दालाही मोल आहे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ अन्वये आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगापुढे चालते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सेवाकेंद्राच्या तोंडी आश्वासनांत ही मुदत नकळत सरून जाऊ शकते, याचे भान ठेवावे.

संपूर्ण मोटार बदलून मिळेलच अशी अपेक्षा मात्र सावधपणे धरावी. मारुती उद्योगाशी संबंधित २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीतील कर्तव्य सदोष भाग दुरुस्त करण्यापुरते वा बदलण्यापुरते असल्याचे मानले होते. त्यामुळे मागणी करताना कोणता भाग सदोष आहे हे दाखवता येणे महत्त्वाचे ठरते. एकाच प्रकारच्या अनेक मोटारींत तोच दोष आढळल्यास मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम ११०-अ उपयोगी पडते. त्याअन्वये सदोष मोटारी परत बोलावण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकते आणि त्यासाठीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. एका ग्राहकाची नीट लिहिलेली तक्रार अशा वेळी इतर अनेकांच्या सुरक्षिततेस कारणीभूत होते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नव्या विद्युत मोटारीतील अडचणींचे निदान हे अपेक्षा, वीजजोडणी, आज्ञावली आणि प्रत्यक्ष भाग या क्रमाने करणे हितकारक आहे. खर्च व साठा वेगळे मोजणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि प्रत्येक निरीक्षण लिहून ठेवणे या तीन सवयी विज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवल्या जातात. त्या वाहनतळापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. वाघोलीसारख्या परिसरात महाविद्यालये आणि विद्युत मोटारी दोन्ही आहेत. भौतिकशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी आणि विधी या शाखांच्या विद्यार्थ्यांना गृहसंकुलांतील अर्थिंग-मापन व तक्रार-लेखन यांचे प्रकल्प देता येतील. त्यातून विद्यार्थ्यांना जिवंत प्रश्न मिळेल आणि ग्राहकाला आपली तक्रार पुराव्यानिशी मांडता येईल.