सीएम-6 : मॉडेल विमानाच्या इंजिनातला छोटा प्लग

एनजीके कंपनीचा सीएम-6 हा स्पार्क प्लग बोटाच्या दोन पेरांत मावतो. वर कॅप बसण्यासाठी धातूचं टोक, त्याखाली पांढरं सिरॅमिक, मग पाना लावायचा षटकोन, एक वॉशर आणि दहा मिलिमीटर व्यासाचे आटे. आट्यांच्या तळाशी मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकवलेली बाहेरची पट्टी. दोन्हींमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या डेझर्ट एअरक्राफ्टचं डीए-50 असो की चिनी बनावटीचं डीएलई-55, दोन्हींच्या हेडमध्ये हाच प्लग बसतो. इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेत असलं, तर त्या फटीत सेकंदाला जवळपास 117 ठिणग्या पडतात. विमान दोन मीटरहून लांब पंखांचं, सात-आठ किलोंचं. यातल्या थोड्या ठिणग्या चुकल्या की इंजिन मिस मारायला लागतं, आणि सगळ्याच चुकल्या तर हातात रिमोट धरून उभ्या असलेल्या माणसाला विमान तरंगत खाली आणावं लागतं. ते धावपट्टीपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते.

इंजिन हजारोंचं, विमान त्याहून महाग, आणि प्लग त्यात सर्वांत स्वस्त. म्हणून बदली प्लग घेताना माणसं फारसा विचार करत नाहीत. मला हे पटत नाही. योग्य प्लग निवडणं हे या छंदातलं मोठं कौशल्य आहे आणि त्यासाठी लागणारी माहिती अवघड अजिबात नाही.

आधी थोडा इतिहास. राइट बंधूंचं 1903चं विमान उडालं तेव्हा त्याच्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हताच. सिलिंडरच्या आत दोन संपर्कबिंदू उघडझाप करत आणि ते सुटताना ठिणगी पडे. आपण आज वापरतो तशी उच्च दाबाची मॅग्नेटो आणि तिला जोडलेला प्लग ही व्यवस्था बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902मध्ये पक्की केली होती; ती विमानांत रुळायला वेळ लागला. मॉडेल विमानांत पेट्रोल इंजिन आलं ते 1930च्या दशकात. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन यांचं ‘ब्राउन ज्युनियर’ हे दहा सीसीचं इंजिन त्या काळात गाजलं. त्यात छोटा स्पार्क प्लग होता, आणि त्याच्यासोबत कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि बॅटरी असा सगळा बारदाना विमानाला वाहावा लागे.

हे ओझं 1947मध्ये रे आर्डन यांच्या ग्लो प्लगने उतरवलं. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावायची. एकदा इंजिन चाललं की मिथेनॉलच्या ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी रासायनिक क्रिया तिला धगधगती ठेवतात. त्यानंतर कित्येक वर्षं छोट्या विमानांत ठिणगी जवळपास दिसेनाशी झाली. ती परत आली ती करवतीच्या आणि गवत कापायच्या यंत्रांच्या इंजिनांवाटे. विमानं मोठी होत गेली, मिथेनॉलचा खर्च परवडेना, आणि लोकांनी ही पेट्रोलची इंजिनं विमानांना बसवली. आता पॉइंटच्या जागी प्रोपेलरच्या हबवरचं चुंबक आणि ते ओळखणारा हॉल सेन्सर असतो, आणि कॉइलच्या जागी ठिणगीची वीज पुरवणारी, हाताच्या पंज्यात मावणारी सीडीआय पेटी. प्लग मात्र तत्त्वाने शंभर वर्षांपूर्वीचाच आहे.

आता बदलीचा प्रश्न. आपल्याकडे ऑटो स्पेअर्सच्या दुकानात प्लग मागितला की काउंटरवरचा माणूस आधी गाडी विचारतो. ‘मॉडेल विमान’ म्हटल्यावर तो आटे बघतो आणि दहा मिलिमीटरचा एखादा दुचाकीचा प्लग पुढे करतो. आटे बसतात, हातानेच आत जातात, आणि इथेच घात होतो. दुचाकींच्या दहा मिलिमीटरच्या कित्येक प्लगांची आट्यांची लांबी 19 मिलिमीटर असते. सीएम-6ची त्याच्या जवळपास निम्मी. लांब प्लग ज्वलनकक्षात घुसतो आणि पिस्टनवर आपटतो. उलट आखूड प्लग घातला तर हेडमधले उरलेले आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन साचतो आणि पुढे योग्य प्लगही नीट बसत नाही. त्यामुळे जुना आणि नवा प्लग शेजारी ठेवून व्हर्नियरने आट्यांची लांबी मोजायची. डोळ्यांच्या अंदाजावर हे सोडू नये.

सगळ्याच मॉडेल इंजिनांना सीएम-6 चालतो असंही नाही. झेनोआच्या जी-62सारख्या जुन्या दणकट इंजिनात 14 मिलिमीटरचा प्लग असतो. अगदी लहान पेट्रोल इंजिनांत पाव इंची, इंचाला 32 आट्यांचा प्लग येतो. ग्लो प्लगचे आटेही हेच, त्यामुळे ग्लो इंजिन पेट्रोलवर नेणाऱ्यांची सोय होते.

मापानंतर येतो उष्णतेचा आकडा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. प्लगच्या मधल्या सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णता धातूच्या अंगाकडे सावकाश जाते, प्लग गरम राहतो. नाक आखूड असेल तर तो लवकर निवतो. या नाकाचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं की त्यावरचा कार्बन जळून जातो. ते 850 अंशांच्या पलीकडे गेलं तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. विमानाचं इंजिन प्रोपेलरच्या भाराखाली बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालतं, म्हणून गरजेपेक्षा गरम प्लग इथे जास्त धोक्याचा. एनजीकेच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या पद्धतीत नेमकं उलट. त्यामुळे ‘सहाला सहा’ अशी जुळवाजुळव करून वेगळ्या कंपनीचा प्लग घेणं चुकीचं. कंपनीचा अधिकृत तुलनातक्ता पाहावा.

तिसरी गोष्ट नावातल्या ‘आर’ची. ते अक्षर असेल तर प्लगच्या आत रेझिस्टर असतो. कोकणात होंडाचं जीएक्स-35 इंजिन लावलेले ग्रास कटर चालतात, त्यांत सीएमआर5एच येतो. आटे दहा मिलिमीटरचेच, पण तो रेझिस्टरवाला आहे आणि सीएम-6पेक्षा एका आकड्याने गरम. म्हणून इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेलाच प्लग घ्यावा. प्लगमध्ये रेझिस्टर आहे की नाही हे घरच्या मल्टिमीटरने तपासता येतं. वरचं टोक आणि मधला इलेक्ट्रोड यांत सीएम-6मध्ये जवळपास शून्य ओहम दिसायला हवेत, रेझिस्टरवाल्यात काही हजार. टोक आणि धातूचं अंग यांत मात्र कुठलाच मार्ग दिसता कामा नये.

नकली मालाचा त्रास खरा आहे. एनजीकेची सुरुवात 1936मध्ये जपानच्या नागोयात झाली, 2023मध्ये कंपनीने निटेरा हे नाव घेतलं, पण प्लगवर एनजीकेच छापतात, आणि त्या तीन अक्षरांची नक्कल जगभर होते. अस्सल प्लगचं वॉशर सहज निघून येत नाही. आटे गुळगुळीत आणि एकसारखे असतात. बाहेरची पट्टी मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर वर येते, बाजूला सरकलेली नसते. छपाई ठळक आणि सरळ असते. मॉडेलवाल्याला आणखी एक कसोटी आहे. सीडीआयच्या वायरीवरची जाळी ज्या धातूच्या कॅपला जोडलेली असते ती कॅप प्लगच्या षटकोनावर घट्ट टेकूनच रेडिओतली खरखर अडवते. षटकोन जरा लहान-मोठा निघाला की कॅप सैल पडते. ती हातांनी हलत असेल तर विमान उडवू नका. 2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटांनी हा धोका खूप कमी केला, संपवला नाही.

जुनी चेतक स्कूटर किंवा आरएक्स 100 मोटारसायकल चालवलेल्यांना काळा, तेलकट प्लग काढून पुसणं पाठ असतं. ती सवय इथे उपयोगी आहे, फक्त थोडी काळजी हवी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून काढताना आटे ओढले जातात. ठिणगी पाहायची असेल तर प्लगचं अंग इंजिनाला टेकवूनच पाहा, नाहीतर सीडीआय जळू शकतं. उघड्या हवेत निळी ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला, हा समज सोडून द्या. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि सिरॅमिकला बारीक तडा असेल तर वीज तिथूनच पळवाट काढते. चहाच्या रंगाचं नाक चांगल्या मिश्रणाची खूण. काळं तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरंफटक असेल तर इंजिन पातळ मिश्रणावर तापतंय.

महागडा इरिडियम प्लग घ्यावा का, हे नेहमी विचारलं जातं. त्याचं टोक बारीक असल्याने कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि ते झिजतं कमी. पण हंगामागणिक प्लग बदलणाऱ्याला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे अस्सल साध्या प्लगांच्या जोडीवर खर्च करा. एक इंजिनात लावा, दुसरा मैदानावर नेण्याच्या पेटीत ठेवा. बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने अंदाजे अर्धा फेरा. टॉर्क रेंच असेल तर 10 ते 12 न्यूटन-मीटर. आणि मागवताना अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवा, खरेदीआधी प्लगचा आणि खोक्याचा फोटो मागा, बिल घ्या. फोटो द्यायला टाळणाऱ्या दुकानातून सीएम-6 घेऊ नका.